परत आलेला निळा क्रेट

भूत-बित, करणी, अंगात येणं... मला या सगळ्याचा मनापासून राग येतो. कॉलनीत कुणी असलं काही सांगायला लागलं की मी सरळ उठून जायचे. त्यामुळे हसायचं तर हसा, पण आधी पूर्ण वाचा.

मी सिन्नरच्या एमआयडीसीत रिकाम्या क्रेटच्या गोदामात सुपरवायझर आहे. हे घडीचे निळे प्लॅस्टिक क्रेट पार्ट्स भरून देशभरच्या कारखान्यांत जातात आणि रिकामे झाले की घडी घालून आमच्याकडे परत येतात. प्रत्येकाला नंबर असतो. फार दिवस आला नाही तर सिस्टिममध्ये 'लॉस्ट'.

माझा नवरा, दिलीप, हेच क्रेट नेणाऱ्या ट्रकवर ड्रायव्हर होता. गेल्या वर्षी त्याचा ट्रक घाटाखाली उभा सापडला — माल जागच्या जागी, एक क्रेट कमी, आणि दिलीप नाही. पोलीस स्टेशनं, हॉस्पिटलं, सगळं पालथं घातलं. काही नाही.

परवा दुपारी आम्ही परत आलेली थप्पी तपासत होतो. आमचे फोर्कलिफ्टवाले पगारेदादा स्कॅन करता करता थांबले.

"मॅडम... ह्यो तर लॉस्टमधला हाय. दिलीपभाऊच्या गाडीवरचा."

गेटवर त्याचं स्कॅनिंगच झालेलं नव्हतं. थप्पी आणणारा ड्रायव्हर गळ्याची शपथ घेऊन सांगत होता, हा मी चढवलाच नाही. घडी उघडली, तर तळाशी चिमूटभर साखर! कोरडी... एक मुंगी नाही.

मी भरून दिलेला जेवणाचा डबा दिलीप कधी रिकामा परत आणायचा नाही. धुऊन, चिमूटभर साखर घालूनच. "भांडं रिकामं देऊ नये गं," वर हे प्रवचन. मी चिडवायचे, "अरे बाबा, घरचाच डबा आहे, शेजारणीचा नाही!"

तशीच घरी धावले. "आई, दिलीप आहे! कुठंतरी आहे तो, येतोय!"

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "दुसऱ्याचं भांडं ज्याचं त्याला देऊन टाकताना साखर घालत्यात, पोरी. तो सोता येनार असता तर संगं घेऊन आला असता. आधी कशाला धाडलं?"

मला त्यांचा भयंकर राग आला. इतका, की हात उचलला जाईल असं वाटलं. मग त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागल्या. त्यांचा एकुलता एक मुलगा तो... वर्षभरात पहिल्यांदाच रडल्या.

क्रेट कुणी आणला, कुठून आणला, मला अजून माहीत नाही. खोडसाळपणा म्हणाल, तर साखरेची गोष्ट आमच्या घराबाहेर कुणालाच ठाऊक नव्हती. कुणाकडे काही स्पष्टीकरण असेल तर जरूर लिहा. फक्त 'धीर धरा, येईल तो' असं कुणी लिहू नका.