शिंदेबाईंचा तोंडलीचा वेल

जुईनगरच्या सोसायटीत राहायला आलो त्या आठवड्यातली गोष्ट. जिन्यात मी लेकीला कौतुकाने म्हणालो, "काय फोफावली आहेस गं." तळमजल्याच्या दारातून एक बाई बाहेर आल्या. "पोरगी आहे, गाजरगवत नव्हे," त्या म्हणाल्या. "लावलेलं वाढतं, न लावलेलं फोफावतं. मुलगी वाढली म्हणा." ओळखपाळख नंतर झाली. या शिंदेबाई, साताऱ्याकडच्या, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या.

शब्दांच्या बाबतीत बाई कोणाचीही भीड ठेवत नसत. त्यांच्या मते स्टेशनबाहेरचे क्लासेस फोफावत, मोबाइलवरचे सुविचार फोफावत; नातवंडं आणि दारचा तोंडलीचा वेल मात्र वाढत. फ्लॅटचा ताबा मिळाला त्या वर्षी तो वेल त्यांच्या यजमानांनी कंपाउंडच्या भिंतीशी लावला होता. यजमान गेले, वेल दुसऱ्या मजल्याच्या ग्रिलपर्यंत पोहोचला. पिशवीपिशवीने तोंडली घरोघर जायची, सोबत शब्दांची दुरुस्ती फुकट.

मग इमारतीला रंग द्यायचा ठरला. वेलावरून उंदीर चढतात, अशी वरच्यांची तक्रार होतीच. सेक्रेटरी मी. बाईंकडे जाऊन दोन शब्द बोलायचं सोडून मी फळ्यावर नोटीस लावली: 'कंपाउंडलगत फोफावलेल्या वेली काढून टाकण्यात येतील.' नाव घातलं नाही, म्हणजे कोणी दुखावणार नाही, अशी मनाची समजूत घातली. कंपाउंडला वेल तो एकच होता.

चष्मा लावून फळ्यासमोर उभ्या असलेल्या बाई मला ऑफिसच्या काचेतून दिसल्या. आता येतील आणि माझी हजेरी घेतील, म्हणून मी वाट पाहत बसलो. खरं तर त्यांनी यावं, असंच मला वाटत होतं. त्या आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच कोयत्याने वेल बुंध्याशी तोडला आणि उरलीसुरली तोंडली घेऊन आमच्या दारात आल्या. मी सारवासारव करू लागलो.

"तुमचा शब्द चुकला नाही," त्या म्हणाल्या. "लावणारा गेला, की मग फोफावलेलंच म्हणायचं."

त्या तोंडल्यांची भाजी घरात सगळ्यांनी खाल्ली. मी लोणच्याशी पोळी खाऊन उठलो.

दिवाळीनंतर बाई मुलीकडे पुण्याला कायमच्या राहायला गेल्या. यंदा रंगवलेल्या भिंतीशी त्याच बुंध्यातून कोंब वर आला आहे. मी त्याला सुतळी बांधून दिली. हे कोणी लावलं, असं वरचे विचारतात, तेव्हा शिंद्यांनी लावलंय, असं सांगतो. बाईंना मात्र अजून कळवलेलं नाही. फोन हातात घेतो आणि पहिला शब्द कोणता काढावा, तेच सुचत नाही.