चाचणीच्या स्टँडवरची कणसं

माझं काम घरी कुणाला सांगता येत नाही, असं मी बरीच वर्षं म्हणत आले. गोव्यात तुयेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी नोकरी करते. आम्ही बुशिंग बनवतो. ट्रान्सफॉर्मरच्या झाकणातून विजेची दांडी बाहेर येते, ती झाकणाला लागू नये म्हणून तिच्याभोवती बसवायची रेझिनची नळी. मी ती संगणकावर काढते आणि तिच्यावर विजेचा ताण कुठे किती येईल ते सॉफ्टवेअरकडून वदवून घेते.

सॉफ्टवेअर कितीही शहाणं असलं तरी त्याला कडा सांगाव्या लागतात. दांडीवर इतकं व्होल्टेज, झाकण जमिनीला जोडलेलं म्हणून तिथे शून्य. सगळं जग काही संगणकात मावत नाही, म्हणून भोवती हवेचा एक डबा काढायचा, आणि त्याच्या भिंतींवर काय चाललंय तेही सांगायचं. विसरलात तर ते तक्रार करत नाही. इथून काही आत येत नाही, काही बाहेर जात नाही, असं आपलं आपणच धरून चालतं. वडील सर्वणला शेती करतात. त्यांना एकदा हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे मेरेचोच हिशोब." मेर म्हणजे शेताचा बांध. वाफ्यात पाणी किती राहील ते वाफ्याकडे बघून कळत नाही, मेरेवर जाऊन बघावं लागतं. तरी माझी तक्रार मी सोडली नाही, कारण आईला अजून काही कळलेलं नव्हतं.

गेल्या दसऱ्याच्या सुमारास माझं स्वतःचं पहिलं बुशिंग चाचणीला तयार होतं. तोवर मी दुसऱ्यांची ड्रॉइंगं दुरुस्त करत होते. हे पहिल्या रेघेपासून माझं. आखूड, कमी रेझिनचं. आमचे साहेब पणजीहून येतात आणि स्पष्ट बोलतात. पास झालं तर याचा मोल्ड करू, नाहीतर जुनंच ड्रॉइंग जाईल, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. मोल्ड एकदा झाला की वर्षानुवर्षं तोच चालतो. म्हणजे हुकलं की हुकलंच.

दसऱ्याला आमच्याकडे दाराला नवें बांधतात. शेतातली ताजी भाताची कणसं, आंब्याच्या पानांत धरून, केळीच्या सोपटाच्या दोरीने बांधलेली. पुढच्या दसऱ्यापर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. आईने त्या सकाळी एक जुडी जास्त बांधून दिली. "तुज्या त्या कामाक," म्हणाली. कारखान्यात यंत्रांची पूजा चालली होती. चाचणी बघणाऱ्या कोल्हापूरकडच्या मिस्त्रींना मी जुडी दिली आणि वर सांगितलं, माझ्या बुशिंगच्या अगदी जवळ बांधा. त्यांनीही ती मनापासून बांधली.

दुसऱ्या दिवशी चाचणी झाली. अशा वेळी मी तिथे थांबत नाही. जागेवर चहा घेत बसले होते, तर मिस्त्री आले. "मॅडम, लय लवकर सूं सूं कराय लागलं."

सूं सूं म्हणजे कुठेतरी हवा ताण सोसेनाशी झाली. माझ्या हिशोबाने एवढ्या व्होल्टेजला ते शक्यच नव्हतं. साहेब म्हणाले, "संगणकात सगळ्यांचीच बुशिंगं पास होतात. संध्याकाळी जुनं ड्रॉइंग मोल्डला पाठवतो." मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला.

मी एकेक कड पुन्हा तपासली. दांडी बरोबर. झाकण बरोबर. हवेचा डबा मोठा करून पाहिला, उत्तर हललं नाही. मग मात्र वडील आठवले. मेरेवर जाऊन बघायचं म्हणतात, आणि मी तर खुर्चीतून उठलेच नव्हते.

चाचणीच्या खोलीत स्टँडवर माझं बुशिंग उभं होतं, आणि स्टँडच्या पाइपला आईचं नवें. दाण्यांच्या भाराने कणसं वाकून बुशिंगच्या खांद्यापर्यंत आली होती. ओली, हिरवी, टोकदार, आणि जमिनीला जोडलेल्या लोखंडाला बांधलेली. मी झाकणावर ठेवलेलं शून्य पाइपावरून चढून पार वर येऊन टेकलं होतं. मला हसूच फुटलं.

"हे सोडायला हवं," मी म्हटलं.

मिस्त्री मागे सरले. "देवाचं हाय ते. म्या न्हाई हात लावायचो."

खरं सांगायचं तर माझाही हात होईना. शेवटी आईला फोन केला आणि तिच्या कणसांनी काय केलं ते समजावून सांगितलं. ती जराही घाबरली नाही. "अगो, सोडूक काय जाता? पाया पड आनी तुज्या मेजाक बांद. देव थंय पण पावतलो."

मी पाया पडून जुडी सोडली आणि टेबलाला बांधली. मग तिच्याकडे बघत मॉडेलमध्ये कणसं काढली. सॉफ्टवेअर प्रत्येक कडेला नाव मागतं. मी लिहिलं, आई. व्होल्टेज शून्य. उत्तर आलं ते मिस्त्रींना सूं सूं ऐकू आलं त्याच्याच आसपासचं. तो कागद मी साहेबांपुढे ठेवला. त्यांनी तो वाचला, "ही आई कोण" एवढं विचारलं, आणि उत्तर ऐकून पुन्हा चाचणी घ्यायला लावली. या वेळी मी खोलीतच थांबले. व्होल्टेज चढत गेलं, हवं होतं त्याच्याही वर गेलं, आणि खोलीत पंख्याशिवाय कसलाच आवाज नव्हता. मिस्त्री माझ्याकडे बघून नुसते हसले.

माझ्या ड्रॉइंगचा मोल्ड झाला. त्यातून निघालेलं पहिलं बुशिंग साहेबांनी मला घरी दाखवायला नेऊ दिलं. मी ते कौतुकाने दाराशी ठेवलं. आईने त्याला हळदकुंकू लावलं, मान वर करून दाराच्या नव्याकडे पाहिलं, आणि बुशिंग दोन्ही हातांनी उचलून नव्यापासून लांब, आत देवाजवळ नेलं.

"नव्यालागीं नाका," ती म्हणाली. "सूं सूं करतलां."