नाव बरोबर हाय का?

जळकोटच्या बाजारात महादेवीचा फुटाण्याचा गाडा माझ्या बांगड्यांच्या दुकानाला लागूनच. गाडा म्हणजे तिचा जीव. घरात नवरा उमाशंकर पाण्याच्या तांब्यावरून ओरडणार. इथं तिच्यावर कुणी आवाज चढवत न्हाई.

कोरोनात लोक नोटेला चिमटीत धरायचे, जशी काय पेटलीच हाय. भीती गेली, सवय ऱ्हायली. मंग सुट्टे काढायचाही कंटाळा. "स्कॅनर न्हाई? ऱ्हाऊ द्या," म्हणून गिऱ्हाईक सरळ पुढं. सांजच्याला फुटाणे तसेच पडून. शेवटी महादेवीनंही स्कॅनर लावला. खातं नवऱ्याचं, फोन नवऱ्याच्या खिशात, हिच्याकडं नुसता चिकटवलेला कागद.

आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत न्हाई. एकदा गडबडीत हिच्या तोंडून निघालं, तर त्यानं भर बाजारात हिला फाडून खाल्लं होतं. म्हणून गिऱ्हाईकानं फोन पुढं करून "मावशी, नाव बरोबर हाय का?" विचारलं की ही मान खाली घालून म्हणायची, "हाव, तेच." वाचता तर येतच न्हाई.

यात्रेच्या दिवशी कुण्या हरामखोरानं हिच्या कागदावर आपल्या खात्याचा कागद डकवला. लोक विचारत ऱ्हायले, ही "हाव, तेच" म्हणत ऱ्हायली. सांजच्याला उमाशंकरनं फोन पाहिला, तर एक रुपया न्हाई. तसाच धावत आला.

"नाव विचारायला तोंड झिजलं असतं व्हय तुझं?"

माझं डोकंच फिरलं. "आरं, नाव घेतलं की तूच अंगावर धावतोस! आन् दिवसभर फोन तुझ्याच खिशात होता. एक मेसेज येईना, तवा तू काय झोपला होतास?"

"शरणम्मा, तुम्ही मधी पडू नका."

महादेवीनं पदरानं डोळे पुसले. हळूच म्हणाली, "माझ्या नावाचं खातं काढते मी. ते नाव मला सांगता येतंय."

शाब्बास गं बाई, म्हणलं मी मनात!

उमाशंकर म्हणाला, "मंग घरीच बस."

आता गाड्यावर तोच बसतो. महादेवी पहाटे उठून घरी फुटाणे भाजून देते. कुणी नाव विचारलं की हा छाती फुगवून सांगतो, "हाव, उमाशंकर. गाडा माझाच हाय."