चार उताऱ्यांवरची एक विहीर

सरांनी लिहिलेला प्रोग्राम वयानं माझ्यापेक्षा थोडाच लहान आहे. जिल्ह्यातल्या विहिरींतून पाणी किती उपसलं जाईल, पावसानं किती भरून येईल, येत्या उन्हाळ्यात कुठल्या गावाला टँकर लागेल, हे तो सांगतो. सर कॉलेजातून निवृत्त झाले तेव्हा तो माझ्या हवाली केला आणि वर ऐकवलं, "तू पाटाखालची. तुला पाण्याची किंमत कळायची नाही, पण निदान हा नीट सांभाळ." मी नेवाशाकडची. आमच्याकडे पाटाचं पाणी, बांधापर्यंत ऊस, ज्याची त्याची आपली विहीर. सर पाथर्डीच्या डोंगराकडचे. त्यांचे हे टोमणे मी वर्षानुवर्षं खाल्ले आणि दरवेळी मनाला लावूनही घेतले.

मागच्या वर्षी विभागप्रमुखांनी मला बोलावलं. सबंध जिल्ह्याचा, कमी-जास्त अशा निरनिराळ्या पावसांसाठीचा अंदाज हवा होता आणि आमच्या संगणकावर सरांचा प्रोग्राम एकेका पावसाला आठवडाभर घ्यायचा. ते म्हणाले, "तयार परदेशी सॉफ्टवेअर घेऊ. हे जुनं आता ठेवून द्या." ठेवून द्या म्हणजे काय, ते न कळण्याइतकी मी नवी नव्हते. सरांना त्याच सुमारास अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली, भिंगारच्या घरात ते खाटेवर पडून होते. माणूस जिवंत असताना त्याचं आयुष्यभराचं काम माळ्यावर टाकायचं, हे मला पटेना. मी भांडले. शेवटी विभागप्रमुख म्हणाले, "ठीक आहे. सुपरकॉम्प्युटरवर चालवून दाखवा. पण उत्तर जुन्या उत्तराशी जुळलं पाहिजे. नाही जुळलं तर विषय संपला."

तसली मशीन पुण्यात होती. नुसती मशीन मिळून उपयोग नव्हता, कारण ती जीपीयूवर चालते आणि सरांचा प्रोग्राम जीपीयू जन्मायच्या आधीचा. तिथे एक सोय होती. अर्ज करायचा, काम पसंत पडलं तर ते काही आठवड्यांसाठी एक तज्ज्ञ सोबत देतात. मदत मागायची म्हटलं की माझ्या जिवावर येतं. तरी अर्ज केला, कारण दुसरा रस्ता नव्हता.

तज्ज्ञ म्हणून आली ती माझ्याहून बरीच लहान, पुण्यात फ्लॅटमध्ये वाढलेली मुलगी. ही आपल्या जुन्या कोडला हसणार, अशी मी आधीच तयारी करून बसले होते. ती हसली नाही. म्हणाली, "मॅडम, आधी काहीच बदलायचं नाही. वेळ कुठे जातो ते आधी मोजू." पुढचे कितीतरी दिवस तिनं नुसतं मोजलंच. मी आतल्या आत धुमसत होते. मग तिनं पडद्यावर दाखवलं, की सगळा वेळ एकाच ठिकाणी जातो, विहिरींच्या हिशेबात. तिनं मला समजावलं आणि मी ते माझ्या भाषेत समजून घेतलं. आपला साधा संगणक म्हणजे एकटा गडी, एक वाफा संपला की दुसऱ्यात जाणारा. जीपीयू म्हणजे खुरपायला उतरलेलं अख्खं गाव, सगळ्या शेतात एकाच वेळी. फक्त कुणी कुणासाठी थांबायचं नाही, थांबलं की सगळं अडतं.

आणि सरांच्या कोडमध्ये नेमकं थांबणं होतं. प्रत्येक विहिरीपाशी पाणी उपसायच्या आधी प्रोग्राम थांबायचा, मागे वळून काहीतरी बघायचा आणि मग एकतर उपसायचा नाहीतर तसाच पुढे जायचा. हे कशासाठी, ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. सर वर्गात एकेक गोष्ट चार वेळा समजावणारे, पण कोडमध्ये मुके. आम्ही तो तपास काढून नेवाशाकडच्या गावांवर चालवून पाहिलं. चाचणीला मी तीच गावं निवडली होती, माझ्या ओळखीची म्हणून. उत्तरात काडीचा फरक पडला नाही. ती म्हणाली, "बहुतेक जुनं काहीतरी राहून गेलंय. पण लिहिणाऱ्यांना विचारता येईल का?"

रविवारी भिंगारला गेले. बाजारातून मोसंबी घेतली. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, मला खाटेजवळ स्टूल दिलं. सरांचा हात हातात घेऊन मी सगळं सांगितलं, नव्या मशीनचं, त्या मुलीचं. ते टक लावून ऐकत होते. मी विचारलं, "सर, विहिरीपाशी तो एक तपास आहे ना, तो काढला तर चालेल? मशीनला फार जड जातोय."

"व्हय," सर म्हणाले.

एवढा स्पष्ट शब्द. वर्गात सर कधी असं गावाकडचं बोलत नसत. मला इतका आनंद झाला की मी तिथेच रडले. त्याच दिवशी पुण्याला कळवलं, की सरांची परवानगी मिळाली, काढून टाक.

सबंध जिल्हा चालवला तेव्हा आठवड्याचं काम चहा होईपर्यंत झालं. मी नकाशा उघडला. आमच्या पाटाखालच्या पट्ट्यात सगळं जुळत होतं. पाथर्डीकडे गावंच्या गावं लाल, म्हणजे कोरडी ठणठणीत, जुन्या उत्तराच्या कितीतरी खाली. घाईघाईनं तो तपास परत घातला, तरी जुळेना. उलट आता दरवेळी उत्तर वेगळं यायला लागलं. त्या मुलीचे शेवटचे काही दिवस उरले होते आणि विभागप्रमुख येता-जाता विचारत होते, "जुळलं का?" ते वाईट माणूस नाहीत, पण त्या दिवसांत मला त्यांचं तोंड बघवत नव्हतं.

नकाशा छापून मी पुन्हा भिंगार गाठलं. खरं सांगायचं तर मी चिडले होते, आणि आजारी माणसावर चिडतेय म्हणून स्वतःवर जास्त. म्हटलं, "सर, तुम्ही हो म्हणालात. बघा, तुमचीच बाजू सगळी लाल झाली."

"व्हय," सर म्हणाले.

काकू दारात उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "बाई, त्येंना तेवढा एकच शब्द राहिलाय. च्या घेता का म्हनलं तरी व्हय, दुखतंय का म्हनलं तरी व्हय. तुमाला मागच्या वक्ती सांगावं म्हनलं, पर तुमी लई खुशीत हुत्या."

कुणाशी बोलले होते मी? कशाची परवानगी घेऊन गेले होते?

सर मात्र नकाशाकडे बघत होते. त्यांचा श्वास वाढला. त्यांनी डाव्या हातानं कागदावर थापटलं, आपल्या गावावर, पुन्हा पुन्हा. मग तोच हात वर केला. चार बोटं उभी धरली आणि एकेक करत मिटून मूठ केली. परत चार बोटं, परत मूठ. मला काही केल्या कळेना. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मी नुसती "सर, सर" करत बसले.

"चौघं भाऊ," काकू म्हणाल्या. "चौघं भाऊ आन् हीर येक. त्ये सांगत्यात. तिकडं समद्यांचं तसंच हाय. जिमिनी वाटल्या, हीर कशी वाटायची? तिला पाळी. आज ह्याची मोटर, उद्या त्याची. हे धाकले, ह्येंची पाळी शेवटची. थोरले उपसून गेले की ह्येंच्या वाट्याला गाळ."

मग मला सगळं दिसलं. आमच्याकडची विहिरींची माहिती सातबाऱ्यावरून घेतलेली. विहीर एक, पण नोंद चारही भावांच्या उताऱ्यावर. म्हणजे माहितीत ती चार वेळा येणार. सरांचा प्रोग्राम मागे वळून बघायचा तो एवढंच बघायला, की ह्या विहिरीवर आज कुणाची मोटर चालून गेली का. गेली असेल तर आज तू थांब. आम्ही पाटाखालची माणसं, आमच्याकडे पाळी ती पाटाची, विहिरीची कशी डोक्यात येणार! आणि मी चाचणीला निवडली होती आमचीच गावं.

बाहेर येऊन रस्त्यावरूनच पुण्याला फोन लावला. लष्कराच्या गाड्या जात होत्या, मला ओरडून बोलावं लागलं. तिनं चौघा भावांचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अच्छा. म्हणून तपास परत घालूनही जुळत नाही. जुन्या संगणकावर भाऊ एकामागून एक येतात. इथे चौघं एकाच क्षणी विहिरीत डोकावतात. चौघांनाही दिसतं, अजून कुणी उपसलेलं नाही. चौघंही मोटर चालू करतात."

"मग आता?"

"आता उताऱ्यामागे एक माणूस लावायचा नाही. विहिरीमागे एक लावायचा. त्या विहिरीवरचे भाऊ तो एकामागून एक घेईल. विहिरी मात्र सगळ्या एकाच वेळी. तुम्ही इकडे या, बसून करू."

गेले. तिच्या शेजारी बसले, तिनं लिहिलं, मी तपासलं, मी लिहिलं, तिनं खोडलं. मदत मागण्यात माझं काय जात होतं इतकी वर्षं, देव जाणे. निघायच्या आदल्या दिवशी पाथर्डीकडचे आकडे जुन्या आकड्यांशेजारी ठेवले. जुळले होते. पुन्हा चालवलं, पुन्हा तेच. तिनं टाळीसाठी हात पुढे केला आणि मला तो दिसेना, डोळे भरून आले होते.

विभागप्रमुखांना कळवायच्या आधी मी भिंगारला गेले. सर आणखी खंगले होते. काकूंनी त्यांना उशा लावून बसवलं. मी लॅपटॉप त्यांच्या मांडीवर टेकवला. "सर, जुळलं. तुमचा प्रोग्राम राहिला."

"व्हय," सर म्हणाले.

मी मान हलवली. त्या शब्दावर आता मी काही बांधणार नव्हते. त्यांच्या गावाचा नकाशा मोठा करत गेले, शिवार, ओढा, त्यांची वस्ती, आणि तिथे एक ठिपका. सरांनी डावा हात उचलला. मी आधार द्यायला गेले तर त्यांनी झिडकारला. बोट त्या ठिपक्यावर ठेवलं आणि तसंच राहू दिलं.

"च्या घेता का?" काकूंनी विचारलं.

सर बोलले नाहीत. त्यांची नजर ठिपक्याभोवतीच्या शिवारातून फिरत होती. काकूंनी परत विचारलं, जरा मोठ्यानं. सर बोलले नाहीत. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, कप खाली ठेवला, आणि आमच्याजवळ येऊन बसल्या.