मालकाची सीट

त्या उन्हाळ्यात मला गाडीचा नुसता वीट आला होता. जुनी विलायती गाडी, आमच्या ह्यांनी एका निवृत्त इंजिनीयरकडून हौसेनं घेतलेली. ह्यांचा दवाखाना कामठीला, आम्ही राहायचो धरमपेठेत. बसचे धक्के साठीच्या माणसाला झेपत नव्हते आणि दवाखाना बंद करा म्हटलं की ह्यांचं तोंड एवढंसं व्हायचं. "गाडी चालते तोवर दवाखाना चालेल," म्हणायचे. म्हणून त्या धुडाला मी अंगणात जागा देत होते, दुसरं काय.

एक दिवस आले ते घामाघूम. "ब्रेक दगड झालाय. एक सायकलवाला थोडक्यात वाचला आज." पाणी प्यायले आणि खुर्चीत टेकले. मी बाहेर जाऊन पायरीवर पडलेली त्यांची उजवी चप्पल आत आणली. हल्ली ती पायातून कुठेही सुटायची आणि ह्यांना पत्ता नसायचा. नवा जोड आणला, तोही तसाच. दुकानदाराशी एकदा भांडायचं, असं मी मनात धरून होते.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी हळूहळू चालवत गाडी प्रताप नगरच्या मिस्त्रीकडे नेली. कडुनिंबाखाली त्याचं सगळं काम चालायचं. त्याच्या आईचा दमा ह्यांनी आटोक्यात आणलेला, त्यामुळे ह्यांच्यापुढे तो कायम अदबीनं उभा. त्याचा एक नेम होता. तेलकट कपड्यांनी मालकाच्या सीटवर तो बसत नसे. गाडी सरकवायची तर मागून ढकलेल, पण बसणार नाही. "तुमीच दाबा साहेब, मी इथून पाहून राहिलो," म्हणत त्यानं बॉनेटमध्ये डोकं घातलं. ह्यांनी दाबलं.

"लय जड आहे का?"

"जातच नाही रे खाली."

"मंग बूस्टर गेलं, साहेब."

बूस्टर म्हणजे पेडलच्या पुढे बसवलेला पत्र्याचा गोल डबा. इंजिनाच्या ओढीवर तो पायाला जोर पुरवतो, तो बिघडला की सगळा भार पायावर. मला ह्यातलं काही शिकायचं नव्हतं, पण रोज जेवताना दुसरा विषय नव्हता.

तसलं बूस्टर कुठे मिळेना. गाडी कडुनिंबाखाली आणि हे बसमध्ये. संध्याकाळी कठड्याला धरून एकेक पायरी चढायचे, सदरा अंगाला चिकटलेला. मी म्हणायचे, "अहो, पुरे आता. घरी बसा." ते म्हणायचे, "गाडी होऊ दे गं." मला तर भांडायचंही त्राण उरलं नव्हतं. ताट वाढायचं, उचलायचं, एवढंच.

शेवटी कामठीच्या भंगारातून मिस्त्रीनं तसलाच डबा शोधून काढला आणि आतलं रबर बदललं. बसवायच्या दिवशी ह्यांना एकट्याला उन्हात सोडायला नको म्हणून मीही गेले. मिस्त्री गाडीत उताणा शिरला, डोकं पेडलखाली, पाय दाराबाहेर. जुना डबा निघाला, नवा बसला. मग नळीतली हवा काढायला "दाबा साहेब, सोडा साहेब" सुरू झालं. पाच-सहा वेळा दाबलं आणि हे थांबले. दम खाऊन इंजिन सुरू केलं, पुन्हा दाबलं.

"तसाच आहे रे. दगड."

मिस्त्रीचा चेहरा पडला. हे इंजिन चालूच ठेवून उतरले आणि झाडापलीकडच्या माठाकडे गेले. मिस्त्री मला म्हणाला, "मले काही समजून नाही राहिलं, बाई. तुमी जरा बसता का? मी खालून पाहतो."

जन्मात पहिल्यांदा मी त्या सीटवर बसले. चप्पल काढली, पाय ठेवला आणि दाबला. मळून ठेवलेल्या कणकेत बोट जावं तसं पेडल खाली गेलं. मी पुन्हा दाबून पाहिलं.

"जड लागते का, बाई?"

"नाही," मी म्हटलं. "अजिबात नाही."

तो बाहेर आला, उकिडवा बसला, बराच वेळ पान्हा पुसत राहिला. मग हळूच म्हणाला, "मंग जुनं बी चांगलंच असन."

मी उतरले तर ह्यांची उजवी चप्पल दाराशी पडलेली. हे माठाजवळ उभे, ऐन दुपारच्या उन्हात. तिथली माती अशी तापलेली की येताना माझा चप्पल घातलेला पायही भाजला होता. आणि हे उजवा पाय उघडा टेकवून शांतपणे पाणी पीत होते. आयुष्यभर लोकांच्या तळपायाला टाचणी टोचून 'कळतंय का' विचारणारा, पंजाला हात लावून 'दाबा जोरानं' म्हणणारा माणूस. मला त्यांचा इतका राग आला आणि इतकं वाईट वाटलं की डोळ्यांत पाणीच आलं. चप्पल उचलून मी त्यांच्याकडे गेले.

"झाला का नरम?" त्यांनी विचारलं.

"ब्रेक चांगला आहे हो," मी म्हटलं. "आधीपासूनच चांगला होता."

त्यांनी माझ्या हातातल्या चपलेकडे पाहिलं, मग आपल्या पायाकडे. पेला माठावर उपडा ठेवला. गाडीला वळसा घालून डावीकडचं दार उघडलं आणि आत बसले.

मिस्त्री पान्हा ठेवून उठून उभा राहिला. "बस रे," हे म्हणाले, "आम्हाला घरी सोड." त्यानं हात धुतले, सीटवर वर्तमानपत्र पसरलं आणि मालकाच्या जागी बसला.