मामांना गाळणारं बटण

माझ्या पुतणीच्या लग्नपत्रिकेतून तिचा सख्खा मामा मीच गायब केला. एका बटणानं.

दैनिकातली नोकरी सोडून मी बीडमध्ये बातम्यांची वेबसाइट काढली होती. जोडीला लोकांची पुस्तकं, स्मरणिका छपाईसाठी लावून द्यायचो. त्यासाठी फुकट मिळणारा एक वर्ड प्रोसेसर घेतला आणि तो आपल्या कामाजोगा वळवायला बसलो. नको ती बटणं काढली, हवी ती बसवली, शीर्षकाची आणि मजकुराची मापं ठरवून टाकली. सगळ्यात लाडकी करामत अशी, की फाइल सेव्ह केली की मजकूर आपोआप साफ व्हायचा. जादा मोकळ्या जागा, रंगीत अक्षरं, उद्गारचिन्हं (आमच्या वार्ताहरांना ती पोत्यानं मिळतात!) सगळं बाद. शिवाय बिरुदं. श्री., मा., कै., लोकनेते, राव, साहेब, दादा, नाना. बातमीत माणूस नुसत्या नावानं यावा, असं मी न्यूजरूममध्ये शिकलो होतो.

थोरला भाऊ म्हणाला, "घरात पत्रकार असताना पत्रिका भायेर कावून करायची?"

मी केली. प्रूफ पुन्हा पुन्हा वाचलं. एक चूक नव्हती. मग समाधानानं सेव्ह केलं आणि स्क्रीनकडं न बघता फाइल छापखान्यात धाडली.

गठ्ठे आले, पाकिटं भरली, निम्मी गावं वाटून झाली. तेव्हा कुठं वहिनींनी पत्रिका वाचली.

"भाऊजी, माझा भाऊ कुठं हाय?"

"चौसाळ्याला असतील की."

"पत्रिकेत कुठं हाय, म्हणते मी."

त्यांचे भाऊ, म्हणजे श्री. रावसाहेब दादाराव शेळके. राव गेला, साहेब गेला, दादा गेला, पुन्हा राव गेला. उरलं होतं 'शेळके'. (आमच्या वडिलांचं 'कै.' गेलं ते वेगळंच. गेवराईहून त्यांच्या जुन्या मित्राचा फोन आला, "आबाला द्या जरा.")

संध्याकाळी मामांचा निरोप आला. नावच न्हाई, तर माणूस कशाला येईल?

"मामा आला न्हाई तर पोरीला बोहल्यावर कोण आणणार?" वहिनी म्हणाल्या. "तुमचं बटण?"

मी चौसाळा गाठलं. मामा आपल्या खतांच्या दुकानात पत्रिका उघडून बसले होते.

"या पत्रकार. आमच्या बापाचं नाव बी खाल्लं तुमी."

"कॉम्प्युटरनं केलं, मामा."

"त्याला शिकवलं कोणी?"

मामांनी पत्रिकेवर बोट ठेवलं.

"हे वरचं शेळके कोण?"

"तुम्ही."

"आन् हे खालचं?"

"नानासाहेब."

नानासाहेब शेळके म्हणजे मामांचे चुलतभाऊ. सरपंचकीला त्यांनी मामांना पाडलं होतं. फाट्यावरच्या फलकावर त्यांच्या नावाआधी चार ओळी बिरुदं असतात. मामांनी चष्मा लावला.

"म्हंजे नान्याचं समदंच गेलं?"

"सगळं."

"माननीय?"

"गेलं."

"लोकनेते?"

"ते पण."

"आन् माझ्या खाली हाय."

"बरोबर खाली."

मामांनी चहा सांगितला. "लई बेस केलं. पत्रिका उरल्या असतील तर द्या, इकडच्या मी वाटतो."

नानासाहेब लग्नाला आले नाहीत. मामांनी ते फारसं मनाला लावून घेतलं नाही. त्यांनी भाचीला थाटात बोहल्यावर आणलं आणि अक्षता पडल्यावर जो माइक धरला, तो सोडलाच नाही. दानशूर, कर्तव्यदक्ष, युवकांचे आशास्थान, एकेकाला खिरापतीसारखी बिरुदं वाटत फेटे बांधले. शेवटी माझी पाळी आली.

"आन् आता," मामा म्हणाले, "जाधव."

एवढंच. मांडवात निम्मे जाधव. मी उठलो नाही. पुढं 'ज्येष्ठ पत्रकार' येईल म्हणून केस नीट करत बसून राहिलो. तोवर माझा फेटा दुसऱ्याच एका जाधवांना बांधून झाला होता.