आत्याआजीचा पाचवा उद्गार

अन्विता, जोएल,

आत्याआजी गेल्याचं तुम्हाला फोनवर कळवलं तेव्हा मला फार बोलता आलं नाही. आता लिहिते आहे, कारण अंत्यविधीत पाहुण्या पाळकांनी तिला 'शांत, सोशिक भगिनी' म्हटलं, आणि ती तुमच्यापर्यंत तशी पोचू नये. तुमच्या आजोबांची ही बहीण, माझी नणंद आणि घरात सगळ्यांचीच आत्या, शांत नव्हती आणि सोशिकही नव्हती. वसमतला तिची पिठाची गिरणी होती. गिरणीच्या आवाजावर आवाज काढायची सवय, त्यामुळे घरातही ती गल्लीला ऐकू जाईल असंच बोले. हळदीच्या हंगामात हळद दळून तिचे तळवे पिवळे होत. शुभ शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, ती पांढरं पातळ नेसून चर्चला येई, तेव्हाही ते पिवळेच असत.

तुम्ही वसमतपासून दूर वाढलात, म्हणून सांगते. त्या शुक्रवारी आमच्याकडे बारा ते तीन उपासना असते. घंटा वाजत नाही, वेदीवर काळं कापड असतं, आणि उपासना संपेपर्यंत पाण्याचा थेंबही घ्यायचा नसतो. वधस्तंभावरून प्रभू सात वेळा बोलला. त्या सात उद्गारांवर मंडळीतले सात जण बोलतात. तेव्हा ते सातही पुरुष असत.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मंडळी विरळ झाली. कोणी पुण्याला गेलं, कोणी औरंगाबादला. नांदेडहून महिन्यातून एकदा येणाऱ्या पाळकांनी त्या शुक्रवारच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी सांगितलं, की इथे आता सात वक्ते उरलेले नाहीत, तेव्हा शुक्रवारी सर्वांनी नांदेडलाच यावं. शिंदीच्या झावळ्या अजून आमच्या हातात होत्या. ही उपासना एकदा थांबली की चर्चला कुलूपच लागणार, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं... पण उठली ती एकटी आत्या.

"सात न्हाईत कसे? मोजले का बराबर?"

"पुरुष चारच आहेत, ताई," पाळक म्हणाले.

"मग बाया मोजायच्या राहिल्या तुमच्या."

दाऊदराव आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ. ते म्हणाले, "बाईमाणसानं उद्गारावर बोलायची रीत न्हाई."

"वधस्तंभाखाली कोण उभं व्हतं, दाऊदराव? बायाच ना? शिष्य तर पळाले व्हते."

"एक शिष्य व्हता तिथं."

"मग तुमी तो एक व्हा. या शुक्रवारी."

"मी येणार न्हाई."

"नका येऊ. तुमचा उद्गार मी घेते."

पाळकांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तुमचं तुम्ही बघा, एवढं बोलून ते बसस्टँडकडे निघाले. आत्याने त्याच दुपारी उद्गार वाटून टाकले. आईला उद्देशून केलेला तिसरा माझ्याकडे आला. मी तो नीट लिहून काढला, तर म्हणाली, "वहिनी, वाचू नका. तुमी वाचाया लागल्या की लेकरं झोपतात." दाऊदरावांचा पाचवा, तहानेचा उद्गार तिने स्वतःकडे ठेवला.

शुक्रवारी सकाळच्या बसने दाऊदराव नांदेडला गेले. इथे तीन पुरुष बोलले आणि आम्ही चार बायका. आत्या वेदीजवळ गेलीच नाही, आपल्या जागी उभी राहिली. बाहेर ऊन, आत सगळ्यांचे ओठ सुकलेले. ती म्हणाली, "आपल्याला तहान लागली की आपण टँकरवाल्याला शिव्या देतो. प्रभूनं मागितलं. मागाया लाजू नये. मिळालं न्हाई तरी मागितलं व्हतं, हे समद्यांना कळू द्यावं." एवढं बोलून ती बसली.

दाऊदराव बरीच वर्षं नांदेडला जात राहिले. मग गुडघे दुखू लागले आणि एका शुक्रवारी ते मागच्या बाकावर येऊन बसले. "बसची तकलीफ व्हते म्हणून आलो," ते आत्याला म्हणाले, "मत बदललं न्हाई."

"बसा की. मत काय जागा अडवून राहिलं?"

यंदा ती शुभ शुक्रवाराआधीच्या उपवासकाळातच गेली. तिच्या स्मरणार्थ पाचव्या उद्गाराच्या वेळी नुसतं शांत बसू या, असं कोणी तरी सुचवलं. मी साफ नकार दिला. तिच्या नावाने गप्प बसणं हा तिचा अपमान झाला असता. तो उद्गार दाऊदरावांच्या सुनेने मागून घेतला. तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला. दाऊदराव तिथेच होते. मान खाली घालून त्यांनी सगळं ऐकलं.

वसमतला शुभ शुक्रवारी बारा ते तीन उपासना होते. उद्गारांवर बायका बोलतात.